इस्माईलभाईंचे तळवे

इस्माईलभाई जेवून उठायचे तेव्हा आधी दोन्ही हात ताटावरून मागे घ्यायचे, एकदा हलकी टाळी वाजवायचे, तळवे उताणे करून दाखवायचे, मग पालथे करून दाखवायचे आणि त्यानंतरच खुर्ची सरकवायचे. हे सगळं एका दमात. समोर कोणी असो वा नसो. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या ट्रेनिंग सेंटरच्या कँटीनमध्ये. ते माझ्या समोर येऊन बसले, डाळभात जेवले, टाळी वाजवून तळवे दाखवले आणि हात धुवायला निघून गेले. मला वाटलं, यांच्यात जेवणानंतर अशी काही दुआ असेल. दुसऱ्या दिवशी मी तसं विचारलं, तेव्हा ते इतके हसले की पाण्याचा ग्लास कलंडला.

"दुआ नाय हो देवधरसाब! वर कॅमेरा असतो ना. टेबल सोडताना हात रिकामे हायत हे दाखवायला लागतं. एवढी वर्षं केलंय, आता घरी पण होतं. अजमानला आमच्या बिल्डिंगमधी एक बंगाली बाई हाय, ती मला मोठा नेक माणूस समजते. सगळ्यांना सांगते, चाचा खाना खाके भी दुआ करते हैं."

"मग तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"काय सांगणार? आमीन म्हटलं."

इस्माईल होडेकरांना जाऊन आता वर्ष होत आलं. शारजाच्या रोल्लातल्या दुकानांत, अजमानच्या बिल्डिंगांत आणि दापोलीकडच्या त्यांच्या गावात अजूनही त्यांचं नाव निघालं की लोक 'तो जुगारी' म्हणतात. ते खोटं आहे. खोटं आहे हे ठाऊक असलेली तीन माणसं होती. एक स्वतः इस्माईलभाई, ते गेले. दुसरे बोलणार नाहीत. तिसरा मी आहे, आणि माझंही वय आता असं आहे की पुढच्या वर्षीसाठी काही राखून ठेवू नये.

आमची भेट झाली ती एका कॅसिनो रिसॉर्टमुळे. या देशात पत्त्यांवर पैसे लावणं म्हणजे तुरुंग, हे मनात पक्कं धरून आम्ही सगळे इथे म्हातारे झालो होतो. आता परवाने निघाले, नियम झाले आणि उत्तरेकडच्या किनाऱ्यावर समुद्रात भर घालून एक मोठं रिसॉर्ट उभं राहू लागलं. इमारतीवर अजून क्रेन होत्या. पण माणसं आधी तयार करावी लागतात, म्हणून एक मोठा हॉल भाड्याने घेऊन त्यात खरी टेबलं मांडली होती, खरे दिवे लावले होते आणि पैशांऐवजी लावतात त्या चकत्या, म्हणजे चिप्स, खोट्या ठेवल्या होत्या. हॉटेलांत नोकरी करून निवृत्त झालेल्या मला सल्लागार म्हणून बोलावलं होतं. पाहुणा गाडीतून उतरल्यापासून परत गाडीत बसेपर्यंत त्याला काय दिसेल, काय ऐकू येईल, कसला वास येईल, पायाखाली काय लागेल, हे ठरवणं माझं काम. इस्माईलभाई पत्ते वाटायला शिकवायचे. कंपनीच्या भाषेत ते 'सीनियर डीलर ट्रेनर' होते. स्वतःच्या भाषेत ते 'वाटणारे' होते.

ते तरुणपणी जहाजावर वाढपी म्हणून लागले. ते जहाज पर्यटकांना घेऊन बंदरोबंदर फिरायचं आणि त्याच्यावर जुगाराचा एक हॉल होता. तिथल्या एका गोऱ्या साहेबाने इस्माईलभाईंना बशा रचताना पाहिलं आणि म्हणाला, याचे हात मला द्या. तेव्हापासून ते पत्ते वाटत आले. घरी कायम 'हॉटेल लाईन' एवढंच सांगितलेलं. बायको गेली, ती एवढंच समजून गेली. मुलगी नाझनीन आजीकडे वाढली, रत्नागिरीत शिकली आणि पुढे अजमानच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून आली. बापलेक एका छोट्या फ्लॅटमध्ये राहायचे. तिलाही 'हॉटेल लाईन' एवढंच माहीत होतं.

"आमच्यात हे हराम हाय, हे मला कोणी शिकवायला नको," ते एकदा मला म्हणाले. "मी आयुष्यात एक पान खेळलो नाय. एक चिप लावली नाय. मी वाटतो. वाटणाऱ्याचा हिशोब वेगळा होईल देवधरसाब, पण होईल जरूर. त्याची मला खात्री हाय."

त्यांच्या पँटला खिसे नव्हते. डीलरच्या गणवेशाला खिसे नसतातच, पण यांनी घरच्या पँटचेही खिसे शिवून टाकलेले. किल्ल्या आणि मोबाईल एका कापडी पिशवीत घालून ती पिशवी काखोटीला मारायचे. शिकायला आलेल्या फिलिपिनो, नेपाळी आणि केनियन पोरापोरींना ते आपल्या हिंदी-इंग्रजीत शिकवायचे. "हबीबी, पत्ता फेंकने का नहीं, रखने का. मछली है क्या?" एखादी मुलगी टेबल सोडून तशीच निघाली की हॉलच्या टोकावरून हाक यायची, "यल्ला, हात किधर है? दिखाव!" ती लाजून परत यायची, टाळी वाजवायची, तळवे दाखवायची. कधीकधी सगळा हॉल एकदम टाळी वाजवून तळवे दाखवायचा, आणि मग हशा.

आमच्याकडे खोटे पाहुणे लागायचे. म्हणजे कोणी चिडलेला पाहुणा व्हायचा, कोणी प्यालेला, कोणी सारखा प्रश्न विचारणारा. मी म्हातारा आणि मोकळा, म्हणून मला नेहमी हरणारा पाहुणा करायचे. एकदा इस्माईलभाई स्वतः वाटत होते आणि मी हरत होतो. खोट्या चिप्स, खोटा डाव, सगळं ठाऊक. तरी माझ्यासमोरचा ढीग उतरत गेला तसा मी उरलेल्या चिप्स बोटांनी पुन्हापुन्हा मोजू लागलो. शेवटची चिप गेली तेव्हा मी खरोखरच टेबलावर हात आपटला. इस्माईलभाईंनी मान वर केली नाही. माझ्या हाताशेजारी त्यांनी पाण्याचा ग्लास सरकवला आणि मुलांना हळू आवाजात सांगितलं, "हारनेवाले के मुँह को नहीं देखने का. मुँह उसका प्राइवेट है. हाथ को देखो. हाथ बताएगा उसको पानी चाहिए कि गार्ड चाहिए."

नंतर मला म्हणाले, "तुमाला पाणी पाहिजे होतं."

माझ्या कामाबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. रिसॉर्टच्या नकाशात मी जुगाराच्या हॉलला घड्याळ ठेवलं नव्हतं, खिडकी ठेवली नव्हती. गालिचा असा निवडला होता की पाय दुखू नयेत. लिफ्टपासून समुद्रापर्यंत कुठेही जायचं तर हॉलच्या कडेने जावं लागेल असा रस्ता वळवला होता. नकाशा पाहून ते बराच वेळ बोट फिरवत राहिले.

"आत यायचे रस्ते किती तरी हायत. बाहेरचा कुठंय?"

"हा काय. दुकानांच्या पुढून वळलं की."

"हरलेला माणूस घड्याळं नि दागिने बघत बाहेर जाणार?"

"इस्माईलभाई, सगळीकडे असंच असतं."

"असतं ना. मी बगितलंय म्हणून विचारतोय. एक दरवाजा जवळ ठेवा. दोन खुर्च्या ठेवा. माणूस बसेल जरा, मग बायकोला तोंड दाखवेल." मी हो म्हटलं. त्या आठवड्याच्या बैठकीत मी तो विषय काढला नाही.

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि पुढचं सगळं त्या नियमावर फिरलं. एका शुक्रवारी आम्ही रोल्लाला गेलो होतो. त्यांना सुके बोंबील घ्यायचे होते. "किलोला वीस दिरहम? म्हणजे जवळजवळ पाचशे रुपये! अरे, आमच्या हर्णैला ह्या पैशात होडी देतील," असं त्यांचं दुकानदाराशी चाललं असताना शेजारच्या सोनाराच्या दुकानातून एक जाडजूड गृहस्थ बायको-मुलांसह बाहेर आले. इस्माईलभाईंना पाहताच त्यांचा चेहरा उतरला. इस्माईलभाईंची नजर त्यांच्यावरून काचेवरून जावी तशी गेली आणि पुन्हा बोंबलांवर आली. ते गृहस्थ घाईने निघून गेले.

"ओळखीचे होते का?" मी विचारलं.

"नाय."

गाडीत बसल्यावर ते आपणहून बोलले. "जहाजावर यायचे. पण टेबलावर आलेला माणूस टेबलावरच राहतो. रस्त्यात तो मला दिसत नाय. सलाम नाय, हसणं नाय, कोण विचारलं तर नाव नाय. त्याची बायको बाजूला असते, त्याचा मुलगा असतो. माझी एक नजर त्याचं घर मोडेल." थोड्या वेळाने म्हणाले, "ह्या धंद्यात एवढंच एक पुण्य करता येतं, ते तरी करू द्या."

आता खरं ठाऊक असूनही न बोलणारे ते दुसरे गृहस्थ. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. इस्माईलभाईंच्या नियमाचा तेवढा मान ठेवतो. मूळचे रायगडकडचे, रोल्लात अत्तराचं जुनं दुकान. हज करून आलेले, म्हणून सगळे हाजीसाहेब म्हणायचे, मीही तेच म्हणेन. रिसॉर्टमध्ये हवेबरोबर एक मंद सुगंध सोडायचा होता आणि तो निवडायचं काम माझ्याकडे होतं. पाच-सहा व्यापाऱ्यांचे नमुने मागवले, त्यात हाजीसाहेबांचा उत्तम निघाला. उद आणि त्यामागे किंचित बकुळीसारखं काही. हे कशासाठी चाललंय हे त्यांना पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. ते म्हणाले, "आम्ही वास विकतो देवधरसाहेब. कुठल्या खोलीत येतो ते खोलीवाला बघेल." मात्र हे काम घेतल्याचं त्यांनी घरी किंवा जमातीत कोणाला सांगितलेलं नव्हतं.

माझ्या टेबलावर त्यांच्या दुकानाची कुपी पाहिली आणि इस्माईलभाई खुर्चीत बसलेच.

"हे इथं येतात?"

"येतात ना. का?"

"ह्यांच्या धाकट्या मुलाशी नाझनीनचं जमतंय. मुलगा चांगला हाय. दोघं बोललेत, पसंती हाय. पुढच्या महिन्यात साखर वाटायची." त्यांनी कुपी उचलून पुन्हा होती तिथेच ठेवली. "देवधरसाब, हाजीसाबना लॉबीपर्यंत आणा. हॉलमधी नको. मी लपवणार नाय. नाझनीनला आधी सांगतो, मग ह्यांना घरी जाऊन सांगतो. माझ्या तोंडून कळू दे. त्यांनी मला पत्ते हातात घेतलेलं बगू नये."

मी शब्द दिला.

थोड्याच दिवसांत कंपनीचे वरिष्ठ लोक हॉल पाहायला यायचे होते. दिवे, संगीत, थंडावा, सुगंध, चालू टेबलं, सगळं एकत्र दाखवायचं होतं. मधल्या टेबलावर इस्माईलभाईच असणार, दुसरं कोणी त्या जागी शोभलं नसतं. सुगंधाचं यंत्र जुळवायला हाजीसाहेब लागणार होते. त्यांना आदल्या दिवशी बोलावता आलं असतं. दुपारी टेबलं उठल्यावर बोलावता आलं असतं. पुढे मी सगळ्यांना सांगत आलो की वेळेचा घोटाळा झाला. घोटाळा झालेला नव्हता. मीच फोन करून त्यांना सकाळची वेळ दिली.

का दिली, याचं उत्तर मी स्वतःला अनेक प्रकारे दिलं आहे. त्यातलं खरं उत्तर असं की मला ते फार मोठं पाप वाटत नव्हतं. मी पुण्यात दिवाळीला तीन पत्ते खेळत वाढलेला माणूस. इस्माईलभाईंचे हात चालताना पाहिले की मी थक्क व्हायचो. मला वाटलं, हाजीसाहेब एकदा पाहतील आणि म्हणतील, वा, काय हात आहे! मग लपवालपवी संपेल, आणि ती मी संपवली असेल. दुसऱ्याच्या घरातली गाठ आपण सोडवून देऊ, अशी एक हौस आमच्यासारख्या शिकलेल्या लोकांना असते. शिवाय सुगंध चुकला असता तर वरिष्ठांसमोर माझं नाक कापलं गेलं असतं. तेही होतंच.

हाजीसाहेब कुप्यांची पेटी घेऊन आत आले तेव्हा इस्माईलभाई वाटत होते. पानं हातातून सुटून हिरव्या कापडावर एकाशेजारी एक येऊन बसत होती. आवाज नाही, घाई नाही. हाजीसाहेब थबकले. पेटीची कडी त्यांनी दोन्ही हातांनी धरली. इस्माईलभाईंनी त्यांना पाहिलं, हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं. पण डाव त्यांनी पूर्ण केला. चिप्स उचलल्या, रचल्या. मग दोन्ही हात मागे घेऊन टाळी वाजवली, तळवे उताणे केले, पालथे केले आणि एक पाऊल मागे सरले.

"होडेकर?" हाजीसाहेब अगदी हळू म्हणाले.

"गुड मॉर्निंग सर," इस्माईलभाई म्हणाले. "वेलकम."

ज्या आवाजात ते कुठल्याही परक्या पाहुण्याशी बोलायचे, त्याच आवाजात. हाजीसाहेब टेबलापाशी आले होते, म्हणजे आता ते पाहुणे होते. हाजीसाहेब पेटी घेऊन यंत्राकडे वळले. त्यांनी यंत्र जुळवलं. सुगंध सुंदर पसरला. वरिष्ठांनी मान डोलावली, आणि त्या दिवशीच सगळ्या रिसॉर्टचं काम हाजीसाहेबांना मिळालं.

दुपारी कँटीनमध्ये इस्माईलभाई माझ्यासमोर बसले. ताट घेतलं नव्हतं.

"मी तुमाला सांगितलं होतं, देवधरसाब."

"वरून हुकूम होता हो. माझा इलाज नव्हता."

ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. माझ्या हातांकडे बघत होते. मग उठून त्यांनी माझ्यासाठी पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि निघून गेले.

नाझनीनचं लग्न मोडलं. मोडायलाही माझी हरकत नव्हती, असं मी मनात म्हटलं, ज्यांना पटत नाही त्यांनी करू नये. पण मोडण्याचं कारण काहीतरी सांगावं लागतं. 'इस्माईल कॅसिनोत पत्ते वाटायला शिकवतो' असं हाजीसाहेब म्हणाले असते, तर पुढचा प्रश्न आला असता, तुम्ही कुठे पाहिलंत? म्हणून ते म्हणाले, "मी माझ्या डोळ्यांनी त्याच्या हातात पत्ते पाहिले. कुठे, ते विचारू नका. अशा जागेचं नाव घेणंही गुन्हा आहे." एवढं पुरलं. जागेचं नाव नाही म्हणजे चोरून चालणारा अड्डा. अड्डा म्हणजे जुगार. बायकोच्या आजारपणात इस्माईलभाईंनी गावचं घर विकलं होतं, ते आता जुगारात घालवलं असं झालं. मशिदीत शेजारी बसणारे दुसऱ्या रांगेत बसू लागले. त्या बंगाली बाईने चाचांना सलाम करणं सोडलं.

इस्माईलभाईंनी मुलीला सगळं सांगितलं. म्हणजे जेवढं त्यांच्या हिशोबात सांगता येत होतं तेवढं. मी पत्ते वाटतो, खेळत नाही, कामाच्या जागी दिवसाउजेडी, परवाना असलेल्या कंपनीत, खोट्या चिप्सवर. ती म्हणाली, "ओके अब्बा. पण मग हाजीअंकल तुमच्या कामाच्या जागी काय करत होते?" तिथे ते गप्प झाले. हे मला त्यांनीच सांगितलं.

"मग सांगा ना तिला!" मी म्हणालो. "अत्तर विकायला आले होते म्हणून सांगा."

"माझ्या तोंडून नाय येणार ते. टेबलाजवळ आले होते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी टेबलावर नव्हतात. तुमी बाजूला उभे होतात."

"हो," मी म्हणालो.

मला वाटलं, ते मला दोष देत आहेत. मी मान खाली घातली आणि विषय तिथेच संपला असं धरलं. घरी हिला सांगितलं, तर ही म्हणाली, "त्यांच्यातलं ते त्यांच्यात मिटेल. आपण मध्ये पडलो तर दोन्हीकडून बोलणी खाऊ." मलाही हे सोयीचं होतं. हाजीसाहेबांचा सुगंध माझ्या नावावर मंजूर झाला होता. तो माणूस दुखावला असता, तर तो वास कुठून आणला असता?

त्यानंतर एकदा रोल्लाच्या चौकात मी आणि इस्माईलभाई चालत असताना समोरून हाजीसाहेब चार-पाच जणांबरोबर आले. इस्माईलभाईंची नजर त्यांच्यावरून काचेवरून जावी तशी गेली. मागून मला स्पष्ट ऐकू आलं, "बघा, नजर मिळवायची हिंमत नाही." मी तेव्हाही चालत राहिलो.

त्या दिवसांत ते मला दर आठवड्याला घरी जेवायला बोलवायचे. "शुक्रवारी या ना देवधरसाब. नाझनीन सांदणं करते, मटण करते. तुमी तिच्याशी बोला जरा." मी कधी गुडघेदुखी सांगितली, कधी मुलाकडे जायचंय म्हणून सांगितलं. ते म्हणायचे, "बरं, मग पुढच्या शुक्रवारी. इन्शाल्ला." एकदा त्यांनी सहज सांगितल्यासारखं सांगितलं की नाझनीन आता शाळेतूनच खाऊन येते. ते एकटेच जेवतात. जेवून उठताना अजून टाळी वाजते, तळवे दाखवले जातात. "खाली कोण नाय बगायला," ते म्हणाले, "वरचा बगतो तेवढं खूप हाय."

ते एका सकाळी कामावर यायच्या बसची वाट पाहत उभे असतानाच कोसळले. हृदय. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. रिसॉर्ट अजून उघडायचं होतं. ज्या खऱ्या पाहुण्यांसाठी त्यांनी एवढी मुलं तयार केली, त्यातला एकही त्यांनी पाहिला नाही.

दफनाला माणसं थोडी होती. आमच्या ट्रेनिंगची पोरं गणवेशातच आली होती. हाजीसाहेब आले. मयतीला लावायचं अत्तर त्यांनी स्वतःच्या दुकानातून आणलं होतं. जनाजा माझ्यासमोरून गेला तेव्हा वास आला आणि मी ओळखला. त्या सकाळी हॉलमध्ये पसरला होता तोच. हाजीसाहेबांनी वेगळा असा निवडला नसावा, चांगला म्हणून आणला असावा. माती देऊन झाल्यावर त्यांनी हात झटकले. मीही झटकले. मग मला आमच्या पोरांतली एक केनियन मुलगी दिसली, कबरीपासून बरीच दूर, बायकांच्या बाजूला उभी. तिने टाळी वाजवली, तळवे उताणे केले, पालथे केले आणि निघाली. तिच्या मागोमाग बाकीच्यांनीही.

चाळिसावं उलटल्यावर मी अजमानला गेलो. नाझनीनने दार उघडलं, आत बसवलं, चहा केला. मी तिला सगळं सांगितलं. कुपी, शब्द, सकाळची वेळ, हाजीसाहेबांची पेटी, 'गुड मॉर्निंग सर'. माझं संपल्यावर तिने टेबलावरचा चहाचा डाग बोटाने पुसला.

"आय नो, अंकल," ती म्हणाली. "म्हणजे हे सगळं नाही. पण तुम्ही सांगणार हे मला माहीत होतं."

"कसं?"

"अब्बा म्हणाले होते. मी विचारलं, हाजीअंकल तिथे काय करत होते? तर म्हणाले, माझ्या तोंडून नाय येणार. देवधरसाब टेबलावर नव्हते, बाजूला उभे होते. त्यांना सांगता येतं. ते येतील, सांगतील."

"मग तू मला फोन का नाही केलास, बेटा?"

"नाही म्हणाले. विचारायचं नाही. अब्बा सेड, तो चांगला माणूस हाय, आपण होऊन येईल." तिचा आवाज शाळेत धडा समजावावा तसा सरळ होता. "दर शुक्रवारी तुमचं ताट मांडायचो आम्ही. बेल वाजली की अब्बा दाराकडे बघायचे. मीपण बघायचे. मग पुष्कळ शुक्रवार गेले. मग मला वाटलं, असं कोणी नाहीच आहे. अब्बांनी तुमचं नाव असंच सांगितलं, बाकीचंही तसंच. तेव्हापासून मी बाहेरून जेवून यायला लागले."

तिने माझा कप उचलला. चहा तसाच होता. ती तो घेऊन आत गेली आणि नळाचा आवाज आला.

मी जायला उठलो. हात टेबलाखाली, मांडीवर होते. उठताना ते मला टेबलावर आणता आले नाहीत.